नाटकातलं गाऱ्हाणं

माझ्या मामांनी जन्मभर दशावतारात पेटी वाजवली, या देवळापुढे नाहीतर त्या. पेपरात त्यांच्याबद्दल एक ओळ कधी आली नाही. "एकदा कोणीतरी लिवक व्हया गो," एवढंच म्हणायचे. मला मेलीला वाटलं, मी आणते ती ओळ!

मी बांद्याच्या शाळेत शिकवते. लहानपणी पारायणं केलेली मुलांची एक जुनी कादंबरी होती, हरवलेल्या आजोबांना शोधणाऱ्या मुलीची. तिचं मी संगीत नाटक केलं, चाली मामांकडून लावून घेतल्या, पेटीवरही त्यांनाच बसवलं आणि नाट्यस्पर्धेत उतरवलं. हौस, दुसरं काय! वर शहाणपणा असा, की ती मुलगी थकून देवळाशी बसते तिथे तिच्या तोंडी मी चक्क आपलं गाऱ्हाणं घातलं, जत्रेत देवापुढे मोठ्यानं मागणं मागतात ते. "बा देवा म्हाराजा, माझ्या आज्याक सुखरूप घराक घेवन ये..."

आता आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं आणि माणसं गप्प बसली, असं कधी होतं का? प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी होकार द्यायचाच. पहिल्या ओळीलाच अख्खं थिएटर ओरडलं, "व्हय म्हाराजा!" नाटक चाललंय हे विसरलेच सगळे. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी तर हात जोडले. मामांनी पेटीवरून माझ्याकडे बघितलं, डोळे भरून आलेले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी पेपरात परीक्षण आलं. मोतीबिंदूमुळे मामांना वाचता येत नव्हतं. "वाच गो, मोठ्यान वाच." आणि मी गाढवीण वाचत सुटले. शहरातून आलेल्या समीक्षकांनी लिहिलं होतं, की कादंबरीचं हळवेपण प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात बुडालं आणि पेटी तर जत्रेतली वाटली. पेटीची ती ओळ मला गाळता आली असती. नाही गाळली. जीभ का झडली नाही माझी!

मामांनी माझ्या हातातला पेपर घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "लोकांनी व्हय म्हटल्यानी, ता चुकला?"

काय सांगणार, कपाळ! 'त्यांना आपलं कळत नाही' म्हटलं, पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्याच दिवशी त्यांनी पेटी माळ्यावर टाकली. किती विनवण्या केल्या, परत काढली नाही.

यंदा जत्रेला त्यांना हाताला धरून देवळात नेलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरांचा बरा कर रे म्हाराजा." सारा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" मामा माझ्या शेजारीच हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ हलले नाहीत.