तोफखान्याचा दुभाषी

हा किस्सा बायको प्रत्येक पाहुण्याला सांगते, तेव्हा म्हटलं आपणच सांगून टाकावा. चहा घ्या आणि हसा पोटभर.

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट. मी जर्मनीत झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला, आणि सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आलेले. सासरे म्हणजे निवृत्त सुभेदार, सगळी नोकरी तोफखान्यात. बोलणं मोजकं, आणि जावयाचं कौतुक तर लग्नापासून एकदाही नाही. या खेपेला ते मिळवायचंच, असं मी ठरवलं होतं. त्यात बायकोने त्यांना सांगून ठेवलेलं, की ह्यांचं जर्मन अगदी तिथल्या लोकांसारखं आहे.

जवळच्या एका गावात उत्सव होता. जर्मनीत राजे होते तेव्हा तिथल्या गावकऱ्यांचं स्वतःचं सैन्य असे, आणि त्याचा छोटासा तोफखाना त्यांनी अजून जपलाय, असं ऑफिसात कळलं. म्हटलं, बास, सासऱ्यांना हेच दाखवायचं.

खरं सांगतो, तिथे मीच थक्क झालो. निळे डगले, पांढऱ्या विजारी, आणि मधोमध पितळी तोफ, इतकी लख्ख की तिच्यात बघून भांग पाडावा! सासरे जागच्या जागी ताठ उभे राहिले. तुकडीचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे एक आजोबा, तोफेचा इतिहास सांगू लागले.

"काय म्हणताहेत?" सासऱ्यांनी विचारलं.

काय म्हणताहेत? आजोबा त्या भागातल्या अस्सल श्वाबी बोलीत बोलत होते! ऑफिसातलं माझं गेनाऊ आणि आल्झो, म्हणजे 'बरोबर' आणि 'तर मग', तिथे काय कामाचं? मला बेकर, फ्रेंच आणि तोफ एवढे तीन शब्द कळले. पण सासऱ्यांसमोर कळत नाही असं कोणत्या तोंडाने सांगू?

मग काय, तीन शब्दांवर गड उभा केला. म्हणालो, इथले बेकर, चांभार, सुतार आपापला धंदा सांभाळून तोफ चालवायला शिकले. फ्रेंच फौज चालून आली तेव्हा या एकट्या तोफेने वेस लढवली. आजोबा हसले की मी गावाला विजय मिळवून द्यायचो. ते गंभीर झाले की एक गोलंदाज धारातीर्थी पाडायचो. शेवटी तर एक बेकर मोडक्या हाताने तोफेला बत्ती देत होता.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "वा, जावईबापू," ते म्हणाले. लग्नानंतरचं पहिलं कौतुक! मी हवेत.

तिथेच काढता पाय घ्यायला हवा होता. पण सासरे पुढे झाले, तोफेला सॅल्यूट ठोकला आणि फौजी इंग्रजीत त्या बेकरच्या शौर्यावर भाषण सुरू केलं. सगळी गर्दी ऐकायला जमली.

आजोबांना इंग्रजी येत होतं. छान येत होतं. त्यांनी अदबीने सांगितलं, की ही तोफ शत्रूवर कधीच उडाली नाही. राजाच्या वाढदिवसाला आणि गावातल्या लग्नांना तेवढी उडायची. फ्रेंच आले तेव्हा बेकर मंडळींनी ती शेणखताच्या ढिगात पुरली आणि ते वेशीवर गरम पाव घेऊन उभे राहिले. फ्रेंच पाव खाऊन पुढे गेले, तोफ गावातच राहिली.

आता तोफेच्या तोंडी मीच, असं मला वाटलं. पण सासऱ्यांनी दुसरा सॅल्यूट ठोकला, पहिल्याहून कडक.

"तोफ शत्रूच्या हाती पडू दिली नाही," ते मला म्हणाले. "तोफखान्यात याहून मोठं काही नसतं."

मग दोघे म्हातारे तोफेच्या चाकाशी बसून कितीतरी वेळ इंग्रजीत बोलत होते. बोलता बोलता सासरे त्या पितळेवरून हात फिरवत होते. इतक्या पिढ्या साध्या पाववाल्यांनी ती तोफ सांभाळली, या विचाराने मीही भारावून गेलो होतो. दुभाष्याची आता कुणालाच गरज नव्हती.

माझ्या इतिहासाबद्दल सासरे चकार शब्द बोलले नाहीत. परतताना एस-बानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, मी म्हणालो, "बाबा, उठा, आपलं स्टेशन आलं." ते उठले नाहीत. आधी त्यांनी शेजारच्या जर्मन आजींना स्टेशनचं नाव सांगून विचारलं, हेच का ते?

आजी म्हणाल्या, नाही, पुढचं. आणि पुढचंच होतं हो!