मालगुजार दिवसाचा आणि दिवेलागणीचा

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी पाच दिवस गोंदियाला होते. परत आले ती काळा चष्मा लावून, आणि त्या चष्म्यातून पहिली दिसली ती ओसरीवर भरून ठेवलेली बॅग. नातू कामासाठी परगावी, आणि नातसून माहेरी निघाली होती, देवरीला. पाच महिन्यांचं पोर तिच्या कडेवर आणि तिचे डोळे रडून सुजलेले. माझा मुलगा खाटेवर डोकं धरून बसला होता. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो आमचा म्हातारा अंगणात ऊन खात टोस्ट चहात बुडवत होता.

नातसुनेला विचारलं तर तिनं सासऱ्याकडे बोट केलं. मग मुलानं सांगितलं. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, ती पोराला कडेवर घेऊन तुळशीपुढे दिवा लावत होती. म्हातारा खाटेवर उठून बसला, पाठ ताठ केली आणि भलत्याच आवाजात म्हणाला, "पाळ टिकत नाही. तळ्याच्या पाळीला एक बाळ हवं आहे. आण ते इकडे." तेव्हापासून रोज तेच. दिवा लागला की पाठ ताठ, आणि पोराकडे हात पुढे.

मुलाला भीती बोलण्याची नव्हती, भाषेची होती. ज्या माणसाच्या तोंडून जन्मात "पाहिजेन" सोडून दुसरं निघालं नाही, तो "हवं आहे" म्हणतो, पुस्तकासारखं बोलतो, म्हणजे हा आपला बाप नाही, याच्या अंगात कोणी शिरलं आहे, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. केशोरीकडच्या एका झाडफूक करणाऱ्याला सांगणंही धाडलं होतं. तो दुसऱ्या दिवशी येऊन मिरच्यांचा धूर देणार होता. म्हाताऱ्याची छाती हिवाळाभर शिट्टी वाजवते. त्या धुरात तो वाचला नसता. आणि पोरगी म्हणत होती, धूर देऊन उतरलं नाही तर मी पोराला घेऊन या घरात परत पाय ठेवणार नाही.

मला हसू आलं. डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं होतं, हसू नको असं काही म्हटलं नव्हतं. पोरीला माझा राग आला, आणि तो बरोबरच होता. मग मी धान्याच्या कोठीमागची पत्र्याची पेटी ओढायला लावली आणि तळातून वही काढली.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा शाळेच्या मास्तरांनी एक नाटक स्वतः लिहिलं. त्यात एक मालगुजार असतो, गावाचा जमीनदार. दिवसा तो गावासाठी तळं खोदतो, मजुरांबरोबर टोपली उचलतो, म्हातारीच्या पायातला काटा काढून देतो. दिवा लागला की तोच माणूस बदलतो. तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, सारखी फुटते म्हणून तिच्यात पुरायला लेकरू मागतो. सकाळी त्याला रात्रीचं काही आठवत नाही, लोकांनी सांगावं लागतं. तळं मात्र दोघांनाही हवं असतं. हे मास्तरांनी मला समजावलं नव्हतं, वाचून वाचून माझं मलाच कळलं.

दोन्ही कामं आमच्या म्हाताऱ्याला मिळाली, कारण गावात त्याच्याएवढा उंच कोणी नव्हता. मी त्याला पांघरायला दुहेरी कापड शिवून दिलं. एका बाजूनं जुनं धोतर, दुसऱ्या बाजूनं फाटक्या छत्रीचं काळं कापड. लोकांकडे पाठ करायची, कापड उलटायचं, की झाला दुसरा माणूस.

त्याला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकलेली. म्हणून नाटकाचा पाठ मी वाचायचा आणि त्यानं धरायचा. धानाच्या बांधीत निंदण चालू असे, वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेली. मी एक ओळ म्हणायची, तो गवत उपटता उपटता ती परत म्हणायचा. वाईट मालगुजाराचे बोल त्याला दोनदा ऐकून पाठ झाले. चांगल्याचे वीस वेळा सांगितले तरी अडायचा, आणि नेहमी एकाच जागी. "पाण्यासाठी दुसऱ्याचं लेकरू मागणारा मी कोण" इथपर्यंत यायचा आणि गप्प. पुढची ओळ मी सांगायची.

हा माणूस कसा, तेही सांगते. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही. बैलालाही मारायच्या आधी दोनदा विचार करायचा. आणि वाईटाचे बोल बोलताना त्याचा चेहरा उजळायचा. तेव्हा मला ते आवडलं नाही. पण खरं सांगायचं तर मलाही तेच बोल आधी पाठ झाले होते. सासू जिवंत होती. तिनं दिवसभर टोचलं की संध्याकाळी मी तेच बोल मोठ्यानं वाचायची. सासू म्हणायची, सून मन लावून पाठ सांगते.

चार वर्षं मंडईला नाटक झालं, मग मास्तरांची बदली झाली आणि वही पेटीत गेली. मुलाला एवढंच ठाऊक की बापानं कधीकाळी नाटकात काम केलं. नाटक चालू असताना दरवर्षी तो माझ्या मांडीवर झोपून जायचा.

गेल्या दोन वर्षांत म्हातारा बरंच विसरला. मुलाचं नाव विसरला, जेवलो की नाही ते विसरतो. पण मी तुळशीपुढे दिवा लावला की तो तोंडातल्या तोंडात पाठ सुरू करतो. मी तांदूळ निवडता निवडता पुढचं चांगल्याचं सांगून टाकते, तो ते म्हणतो आणि गप्प बसतो. घरचे समजायचे, बुढाबुढी कुरकुर करत आहेत. मीही कधी विचार केला नव्हता. पाच दिवस मी नव्हते, पुढचं सांगणारं कोणी नाही म्हणून त्याचा आवाज चढला, आणि अर्धाच पाठ झाला.

हे सगळं सांगून झाल्यावर नातसून वही उलटीपालटी करत राहिली. बारावी झालेली पोरगी आहे, पटकन समजते. पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"आजी, नाटक होय हे समजलं मले. पण मंग वाईटच काऊन याद रायलं बाबाजीले? चांगलं काऊन नाई?"

"चांगलं त्याले तवाबी याद रायत नव्हतं," मी म्हटलं. "मी सांगत होती."

"म्हंजे मनात तेच आहे त्याइच्या?"

"असन थोडंसं. माह्या मनातबी आहे. तुह्या नाई का?"

तिनं वही मिटली. मी एवढंच मागितलं की सकाळच्या बसपर्यंत थांब.

दिवेलागणीला मी दिवा लावला. पोर माझ्या मांडीवर, ती बॅगेला टेकून वही उघडून बसलेली. मुलगा दारात. म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. पाळीला एक बाळ हवं आहे, आण ते इकडे. मला नवीन डोळ्यानं त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. अजून उजळतो.

पोरीनं चांगल्याचे बोल वाचायला सुरुवात केली. धड्यासारखं भरभर वाचत सुटली. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"हळू वाच वो. बस सुटून रायली का तुही?"

मुलगा दारातच हसला. इतक्या दिवसांत दिवा लागल्यावर बाप पहिल्यांदा बापासारखा बोलला होता. पोरीनं ओळ परत म्हटली, हळू. त्यानं तिच्यामागून म्हटली. पाण्यासाठी दुसऱ्याचं लेकरू मागणारा मी कोण. आणि अडला, नेहमीच्या जागी. पुढचं पान फाटलेलं, वहीत पुढची ओळ नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती स्वतःच म्हणाली, कारण दुपारी मी तिला ती सांगितली होती.

"पाळीत मी उभा राहतो."

"पाळीत मी उभा राहतो," म्हातारा म्हणाला. खाटेला टेकला आणि चहा मागितला.

झाडफूकवाल्याला मुलानं फोन करून येऊ नको सांगितलं. बॅग मात्र आणखी दोन दिवस ओसरीवर तशीच होती. मग पोराचे कपडे लागले, तेव्हा एकेक करून रिकामी झाली.

आता पाठ तीच सांगते. मला दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला जायचं आहे, तेव्हा मी नसेन, म्हणून आतापासूनच मी मध्ये पडत नाही. ती वही पाहून दोन्हीकडचं वाचते, आधी वाईटाचं, मग चांगल्याचं. ज्या दिवशी माझ्याशी तिची खटकते, त्या दिवशी वाईटाचे बोल जरा जोरात येतात. मी तांदूळ निवडत राहते.