वाढीचा निरोप

केळीच्या पिलाला विळा लावला की पांढरा, गार चीक बोटांवरून ओघळतो आणि वाळला की काळा पडतो. सावद्याकडचा केळीवाला त्याच्या धोतरावरच्या डागांवरून ओळखावा. मोठ्या खोडाच्या बुडाशी आलेली पिलं कापायची आणि कापल्या जागी, मधल्या कोंबात, रॉकेलचे थेंब सोडायचे. नाहीतर थोड्या दिवसांत पुन्हा हातभर! चौथी शिकलेला मी, जन्मभर हे करत आलो. पण त्या कोंबाला 'वाढ' म्हणून सांगतं कोण, हा प्रश्न बायको गेल्यावर पडला.

तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी कापून काढली, तर काखेत दुसरी आली. वर्षाच्या आत घर ओसाड. तिनं गाठ लपवली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मुलीलाही.

मुलगी धुळ्याला देवपुरात असते, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिच्या ओट्यावर बसून एकदा विचारलंच, कोंबाला 'वाढ' म्हणून सांगतं कोण?

"आबा, कोंब असो की माणूस, प्रत्येक पेशीच्या अंगावर जशा काही दाराच्या कड्या असतात. वाढीचा निरोप रसातून, रक्तातून, शेजारून येतो, कडी वाजवतो. आत एक दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला. गाभ्यापर्यंत गेला की एका पेशीच्या दोन होतात. काम झालं की कडी गप्प."

अंगठ्यावरचा विळ्याचा वण मी निरखला. किती नेमकी भरली होती ती जखम! मांसाचा कण जास्त नाही.

"अन् तुझ्या आईची?"

"तिथं कडी अडकून बसते आबा. बाहेर कुणी नसतं, अन् आत आपलं वाढ, वाढ, वाढ."

कुणी नसताना ऐकू येणं! हे समजायला मला पुस्तक कशाला हवं? रिकाम्या घरात पाठीमागून 'अहो' येतं, मी वळतो, आणि समोर नुसती चूल. एवढ्याशा जिवाला परक्याचा निरोप कळतो, आणि चाळीस वर्षं शेजारी निजलेल्या माणसाला?

"पोरी, तिनं लपवलं नव्हतं," मी म्हणालो. "तीनदा म्हणाली, अहो, इथं हाताला काही लागतंय. मी म्हटलं, दुखत नाही ना? मग केळीची कटाई होऊ दे आधी."

मुलीनं पदराची किनार सरळ केली.

"मला माहीत होतं आबा. आई म्हणाली होती, त्यांना कधी विचारू नको."