आईनं सोडवलेलं इंजिन

आज शिलाई मशीनला तेल सोडताना त्याच्या वासानं कॉलेजचे दिवस आठवले. नांदेडला मी स्पर्धांसाठी छोट्या इंजिनावर चालणारी मॉडेल विमानं उडवायची. एकदा उडवून झाल्यावर आत तेल न घालताच इंजिन मुखेडला घरी आणलं आणि ते गंजून अडकलं. स्पर्धा दोन दिवसांवर होती. मला रडू फुटलं. कपडे शिवत बसलेल्या आईनं मशीनचं तेल इंजिनात सोडलं आणि ती त्याचा पंखा हळूहळू हलवत राहिली.

"काम झालं की तेल घालावं लागतंय गं, मशीन असू दे न्हाईतर इमान!"

तांबूस तेल बाहेर आलं आणि पंखा फिरला. मी लगेच हात पुढे केला. आईनं मात्र तो उगीचच आणखी दोनदा फिरवून पाहिला. तेव्हा मला घाई होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू आज दिसतं.