पहिल्या डब्यातली पिवळी रेघ

आमच्या गिरणीवाल्याला दोन गोष्टींचा गर्व होता. त्याच्या दगडाचं पीठ बोटांना मऊसूत लागे, आणि त्याच्या पोटातली गोष्ट कधी ओठांवर येत नसे. गिरणीचं पुढचं दार गावाकडं उघडे, मागचं त्या वस्तीकडं, जिथं बाया दिवेलागणीला तोंड रंगवून दारात बसत. मधे फक्त एक गटार. सकाळी गावाचे डबे, चारनंतर वस्तीचे, आणि शेवटी गिरणी झाडून घ्यायची, असा गावाचा नियम होता.

तो झाडायचा. पण दगडाच्या पोटात ओंजळभर पीठ राहतंच, आणि ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या डब्यात उतरतं. म्हणून पहिला नंबर कुणालाच नको असे. तुम्ही व्हा पुढं वहिनी, छे, तुमचाच मान काकू, असं रोज चाले. शेवटी म्हातारी सुईण पुढं झाली. माझा डबा पहिला घाल, म्हणाली. बायकांनी तिला पुण्यवान ठरवून टाकलं.

खरं कारण गिरणीवाल्यालाच ठाऊक. वस्तीतला शेवटचा डबा सुइणीच्या लेकीचा असे. अकरा वर्षांपूर्वी ती एका ट्रकवाल्याबरोबर गेली. त्यानं तिला विकली, आणि या हातातून त्या हातात फिरत ती आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन पडली. ती मला मेली, असं आई चारचौघांत बोलून बसली होती. बोललेला शब्द गिळायचा कसा? बाकीच्या बाया गहू आणत. लेक मका आणी आणि सगळ्यांना पुढं सोडून थांबून राही. सकाळी आईच्या पांढऱ्या पिठात आधी एक पिवळी रेघ पडे. म्हातारी ती चिमटीत धरून बघे, झाकण लावी आणि निघून जाई.

एकदा दगड बोथट झाला. शेवटचा डबा गेल्यावर गिरणीवाल्यानं वरची तळी उचलली, छिन्नीनं टाकी मारून धार काढली, कण न् कण झटकला. कामाच्या नादात पुढचं काही त्याच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी पीठ पांढरंफेक उतरलं. सुईण मनगटापर्यंत हात घालून शोधत राहिली. मागं रांग, विचारणार कुणाला? गिरणीवाला घसरलेला पट्टा चढवून वर बघतो तोवर ती मागच्या दारानं बाहेर पडली होती. डबा कमरेवर, झाकण तिथंच.

लेक दारात पाठमोरी बसून केस धूत होती. म्हातारी बघत उभी राहिली. शेजारणीनं विचारलं, "कोण हवंय मावशी?"

"कुणी नाही गं. रस्ता चुकले." आणि ती वळली.

संध्याकाळी लेक मका घेऊन आली. माझ्या दारापासून गटारापर्यंत पीठ सांडलंय, म्हणाली, कुणाचं? गिरणीवाला जन्मात पहिल्यांदा पोटातलं बोलला.

"आई आली होती तुझी. मी दगड साफ केला. पिवळं दिसलं नाही तिला."

तिनं डबा तसाच, न दळता, उद्याच्या रांगेत सर्वांत पुढं ठेवला. आईचं झाकण उचललं. त्यावर पिठाची बोटं उमटली होती. ती तिनं पुसली नाहीत.

"पहिला नंबर किती वाजता लागतो, दादा?"

"सहाला."

दुसऱ्या दिवशी सहाला त्यानं आधी मागचं दार उघडलं, मग पुढचं.