आईची बस, माझी पाटी

बसच्या कपाळावरची पाटी मी केली, ती खरं तर आईसाठी. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, आता आहे त्याहून जास्त दिसणार नाही. मावशीला जिना उतरवत नाही, म्हणून दर गुरुवारी आईच विश्रांतवाडीहून कर्वेनगरला तिच्याकडे जायची. एकटी, बसनं. रिक्षा कर म्हटलं की फणकारायची, "मी काय आजारी आहे?"

बसच्या नव्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांचं काम आमच्या डिझाइन ऑफिसकडे आलं, तेव्हा पहिला नमुना मी पुठ्ठ्यावर चिकटवून घरी आणला. बसचा नंबर आणि शेवटचा थांबा, बस्स. मोठी, ठसठशीत, जागची न हलणारी अक्षरं. सोसायटीच्या फाटकाशी आईला उभं केलं आणि मी रस्त्यापलीकडे पुठ्ठा धरला. "कर्वेनगर!" ती इतक्या जोरात ओरडली की वॉचमन धावत आला. मला रडूच फुटलं.

मग बसवाल्यांच्या ऑफिसात मीटिंग. पुण्यात पाटी म्हटली की प्रत्येकाला मत असतं. "अहो मॅडम, एवढी जागा रिकामी कशाला?" एकानं 'मार्गे' म्हणून वाटेतले थांबे घातले. दुसऱ्याला सगळं इंग्रजीतही हवं. मोठ्या साहेबांना सणासुदीच्या शुभेच्छा हव्या. मावेना, तेव्हा ठरलं, अक्षरं सरकती करा. अहो, बस थांबते तरी किती वेळ! घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. "होईल हो लोकांना सवय." तेवढ्यात चहा आला, विषय संपला.

आता बस येते ती शुभेच्छा देत. कर्वेनगर उगवेपर्यंत निघूनही जाते. डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. पण उपयोग काय? पाट्या बसल्या, बिलं निघाली, आता कुणी ऐकत नाही.

गेल्या गुरुवारी आई थांब्यावरूनच परत आली.

"एका गृहस्थांना विचारलं, ही कुठली बस? तर म्हणाले, पाटी कशाला लावलीय मग? मी म्हटलं, अहो, माझ्या लेकीनंच केलीय ती."

"मग?"

"मग काय. म्हणाले, 'अरे वा! मग वाचा की.'"

ती हसली. चपला काढून नीट कडेला ठेवल्या, पर्समधला बसचा पास काढून माझ्या हातात दिला.

"ठेव तुझ्याकडे. आणि मावशीला फोन कर. म्हणावं, आता तूच येत जा."

मी हो म्हटलं.