कानमिस्त्री आणि पकडत नसलेला सेल्फ

गल्लीत सगळे त्याला कानमिस्त्री म्हणत, आणि हे नाव काही त्याला आयतं मिळालं नव्हतं. गाडी चालू होत नाही म्हणून कुणी आलं की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे. हा पठ्ठ्या गाडीकडे पाठ करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि बायकोला म्हणायचा, "हं, मार सेल्फ!"

गॅरेज घराच्या पुढ्यातच. बायको हातातलं काम टाकून यायची, स्टिअरिंगपाशी बसायची आणि किल्ली फिरवायची. चाळीस वर्षं हे काम तिचंच. टकटकटक झालं तर बॅटरी उतरली. एकदाच टक् होऊन गप्प, तर सेल्फची मोटर अडकली. मोटर नुसतीच घर्रर्र फिरली आणि इंजिन ढिम्म, तर मोटरचं दातेरी चाक पुढे सरकून इंजिनाला पकडत नाही. आणि काहीच आवाज नाही, तर करंटच पोचत नाही, वायर तपासा. झालं शास्त्र! काय दिवस होते ते. एका सकाळी तीन-तीन गाड्या, आणि दोघांचा चहा बॉनेटवर थंड होत पडलेला.

बायको आठ महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यानं एकाही गाडीला हात लावला नव्हता, आणि लेकीचं एकच पालुपद, "बाबा, गॅरेज बंद करा, माझ्याकडे चला." काल ती गाडी घेऊन न्यायलाच आली. बापाची पिशवीसुद्धा तिनंच भरली. आणि सकाळी निघायच्या वेळी तिचीच गाडी चालू होईना.

मिस्त्रीला काय आनंद झाला म्हणून सांगू! "हे बघ," तो म्हणाला, "बारापर्यंत तुझी गाडी चालू केली तर मी इथंच राहणार, गॅरेजही राहणार. नाही जमलं तर निमूटपणे तुझ्या मागे येईन. कबूल?"

"कबूल," लेक म्हणाली आणि आईच्या जागी जाऊन बसली.

तो पाठ करून उभा राहिला. डोळे मिटले. "मार."

लेकीनं किल्ली फिरवली.

"चिडीचूप!" तो तिच्याकडे वळून खुशीत ओरडला. "करंटच नाही. आता वायर धरतो."

"बाबा, पण..."

"मध्ये बोलू नकोस गं. कान कुणाचे आहेत?"

त्यानं बॅटरीची टोकं घासली. फ्यूज पाहिले. किल्लीमागची वायर बोटाबोटानं तपासली. सगळं ठणठणीत. दहा वाजले, साडेदहा वाजले, घाम पाठीवरून ओघळायला लागला. पुन्हा "मार", पुन्हा त्याच्या लेखी चिडीचूप. शेवटी लेकीला राहवेना. ती खाली उतरली, त्याच्या समोर आली आणि जवळजवळ ओरडलीच, "बाबा, मोटर मघापासून फिरतेय! चांगली घर्रर्र वाजतेय. इंजिनाला पकडत नाहीये, बस!"

त्याचा विश्वास बसेना. त्यानं मोटरवर हात ठेवला आणि मानेनंच खूण केली. लेकीनं किल्ली फिरवली. मोटर तळहाताखाली थरथरत होती. कानात काही म्हणजे काही नव्हतं.

मग बायको असेपर्यंत इतक्या गाड्या बरोबर कशा ओळखल्या? आणि त्याला आठवलं. गेली तीन-चार वर्षं बायको सीटवर बसल्या बसल्या मोठमोठ्यानं कुरकुरायची. "काय बाई ही गाडी, नुसती टकटक करते!" किंवा "अगं बाई, नुसतीच फिरते की ही!" आणि हा तिच्यावर खेकसायचा, "मला काय ऐकू येत नाही?" ती हसायची. एकदाही म्हणाली नाही, की नाही येत तुम्हाला.

त्यानं मोटर उतरवली. दातेरी चाकाच्या दांड्यावर जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं. ते खरवडलं, पुसलं, चाक सरकतंय ना ते बोटानं दोनदा बघितलं आणि मोटर परत बसवली. बाराला दहा कमी असताना गाडी चालू झाली. हे त्याला लेकीच्या चेहऱ्यावरून कळलं.

"जिंकलात बाबा," लेक म्हणाली. "राहा तुम्ही. मी पुन्हा विषय काढणार नाही."

त्यानं हात धुतले, आत गेला, पिशवी घेऊन बाहेर आला आणि शटर ओढलं.

"अहो बाबा, कबूल केलं होतं ना मी?"

"बारा वाजायच्या आत झालं, ते खरं," तो म्हणाला. "पण कान तुझ्या आईचे होते गं. आता मी लोकांच्या धडधाकट वायरी कापत बसू?"

तो गाडीत लेकीच्या शेजारी बसला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हुंदके देऊन रडला. आपण किती मोठ्यानं रडतोय हे त्याला कळत नव्हतं. लेकीनं त्याला रडू दिलं.